एकदा चूक, दोनदा गाणं

कलकत्त्याला दहा दिवस राहून आले आणि तो राणीचा संगमरवरी महाल पाहिला नाही, हे ऐकल्यावर आमच्या मिरजेतल्या शेजारणीने मला वेड्यातच काढलं. कालीघाट तरी? तोही नाही. हावडा पूल? तो टॅक्सीतून पाहिला, पण माझी बॅग टपावर बांधायची की मांडीवर घ्यायची यावरून टॅक्सीवाल्याशी वाद चालला होता, त्यामुळे अर्धाच दिसला. मग दहा दिवस केलंस काय, असं तिने विचारलं. मी म्हटलं, पी.टी.च्या एका बाईंना चुकायला शिकवलं. तेव्हापासून ती माझ्याशी जरा जपूनच बोलते. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून काढायला बसले आहे.

आधी माझ्याबद्दल. मी तीस वर्षं मिरजेत टायपिंगचा क्लास चालवला. पुढे मशीनं गेली, संगणक आले, मीही थकले आणि क्लास भाचेसुनेच्या हाती दिला. पण तीस वर्षं मी एकच काम केलं, ते म्हणजे लोकांच्या चुका काढणं. पानावर लाल पेन्सिलीने गोल करायचा आणि पान परत टाइप करायला लावायचं. घरीसुद्धा लग्नाची पत्रिका आली की मी आधी चुका बघते आणि मग नवरा कोण, नवरी कोण ते.

डिसेंबरात माझ्या थोरल्या बहिणीचा, ताईचा, फोन आला. ताई पस्तीस वर्षं कलकत्त्याजवळ बराकपूरला राहते. भाऊजी केंद्र सरकारच्या नोकरीत बदलीवर गेले, तीन वर्षांत परत येतो म्हणाले, आणि तिथेच निवृत्त झाले. त्यांची एकुलती एक मुलगी रेवती तिकडेच जन्मली. ती बँकेत अधिकारी आहे आणि चार बायकांच्या एका बँडमध्ये ड्रम वाजवते. प्रमोशन घ्यायचं तर दुसऱ्या राज्यात बदली होते, म्हणून तिने दोनदा प्रमोशन नाकारलं होतं. आता तिसऱ्यांदा पत्र आलं होतं. ताई म्हणाली, "तुझं ऐकते ती. तू ये आणि तिला जा म्हण." कुणाला चार गोष्टी ऐकवायच्या म्हटलं की माझे पाय आपोआप निघतात. मी बॅग भरली.

बराकपूर

ताईचं घर छावणीच्या अंगाला, तिसऱ्या मजल्यावर आहे. ज्या थंडीत आमच्याकडे माणसं नुसत्या बनियनवर अंगणात दात घासतात, त्या थंडीत भाऊजी कानटोपी, मफलर, स्वेटर आणि पायमोजे घालून पेपर वाचत बसले होते. मला बिनस्वेटरची पाहून त्यांना हुडहुडी भरली. ते आता पुरते तिथले झालेत. ताई अर्धीच झाली आहे. तिच्या आमटीत गोडा मसाला असतो आणि फोडणीत पाँचफोरन, म्हणजे तिकडचं पाच दाण्यांचं मिश्रण. संक्रांत जवळ आली होती, म्हणून तिने तिथल्या खजुराच्या गुळाचे तिळगूळ करायला घेतले होते. त्या गुळाचा वास असा की दोन जिने खालपर्यंत येतो, पण पाक काही केल्या तिळाला धरेना. शेवटी आम्ही ते तिळगूळ वाटीत घेऊन चमच्याने खाल्ले.

रेवती चौतीस वर्षांची आहे. ताईने पस्तीस वर्षांपूर्वी मिरजेहून नेलेली मराठी तिच्या तोंडी जशीच्या तशी राहिली आहे. मिरजेत आता कुणी 'अय्या' म्हणत नाही, ही म्हणते. मराठी संपली की हिंदीवर जाते. नाकावर मोठा चष्मा, तो सारखा घसरतो, आणि ती तो मनगटाने वर ढकलते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला गंगेच्या घाटावर नेलं. हुगळीला तिथे सगळे गंगाच म्हणतात. पलीकडे श्रीरामपूरला जाणारी होडी भरत होती, सायकलीसुद्धा माणसांसारख्या रांगेने चढत होत्या. आम्ही मातीच्या इवल्याशा कपातून चहा घेतला. दोन घोटांत संपतो आणि कप फेकून द्यायचा, हे माझ्या जिवावर आलं. मी तो धुऊन पिशवीत टाकला. मग घसा साफ करून मी माझं भाषण सुरू केलं. नोकरी, वय, संधी दार ठोठावते वगैरे. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मावशी, मी होकार दिलाय," ती म्हणाली. "महिनाअखेरीला रायपूरला हजर व्हायचंय."

माझा पंधराशे मैलांचा प्रवास घाटावरच संपला. आईला का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं. त्यावर ती म्हणाली की आईला फक्त जा म्हणायचंय. जाते म्हटलं की ती रडायला लागेल. मी माझ्या बहिणीला ओळखते, त्यामुळे यावर वाद घातला नाही.

खरी अडचण दुसरीच होती. रेवतीला जायचंच होतं. स्वतःची शाखा चालवायची होती, दुसऱ्याच्या सहीसाठी कागद पुढे सरकवून ती कंटाळली होती. पण बँड चौदा वर्षांचा, आणि त्यात आजवर कुणाच्या जागी कुणी बदली म्हणून आलेलं नाही. एकीचं बाळंतपण झालं तेव्हा बाकीच्या दोन वर्षं थांबल्या. गाणाऱ्या मौशुमीचा घसा बसला, तेव्हा वर्षभर कुणी वाद्याला हात लावला नाही. बँकेच्या बदलीचं मात्र तसं नाही, परत कधी येणार याचा पत्ता नाही. मौशुमीचं म्हणणं होतं की रेवती गेली की बँड संपला. रेवतीने हातापाया पडून एक नवी ड्रमवाली शोधली होती. येत्या रविवारी डमडमच्या एका मैदानात छोट्या मासिकवाल्यांचा मेळा होता. तिथे नवीने तीन गाणी वाजवायची. त्यात पूर्वीचाच बँड ऐकू आला तर पुढे चालू, नाहीतर तिथेच पूर्णविराम.

"माझ्यामुळे बंद पडला तर मी रायपूरला धड बसू शकणार नाही, मावशी," ती म्हणाली. "मी परत येईन, आणि बँकेलाही नको असेन आणि यांनाही."

ती कधी रडत नाही. तेव्हाही रडली नाही, पण चष्मा पुसायला तिला फार वेळ लागला.

परत येताना मी विचारलं की तुम्ही वाजवता ते पोस्ट-पंक म्हणजे नक्की काय. तिने सांगितलं की पंक म्हणजे आधी मनसोक्त आरडाओरडा, आणि पोस्ट-पंक म्हणजे आरडाओरडा करून झाल्यावर जो राग शिल्लक राहतो, तो जरा विचार करून मांडायचा. त्यात गिटार गोड वाजवायची नसते, खरवडायची असते. चाल बेस गिटारवर चालते, ड्रम कोरडा ठेवायचा, आणि गाणारीने गाण्यापेक्षा बोलावं. मी म्हटलं, हे तर आमच्या सासूबाईंना उपजत येत होतं.

डमडम

बराकपूरहून लोकलने अर्ध्या तासात डमडम येतं. बायकांच्या डब्यात कानातल्यांपासून नेलकटरपर्यंत सगळं विकायला येतं, आणि एक झालमुढीवाली डबा हलत असताना मोहरीच्या तेलाचा एक थेंबही बाहेर पडू न देता मुरमुरे कालवते. तिच्या हाताकडे मी बघतच राहिले. हात बघायची मला सवयच आहे.

बँड तालमी करतो तो होमिओपॅथीच्या दवाखान्यात. बेस वाजवणाऱ्या पारोमिताचे वडील डॉक्टर होते. ते गेले, पण भिंतीभर काचेची कपाटं आणि त्यात बोटाएवढ्या शेकडो बाटल्या अजून आहेत. खिडक्यांना गाद्या लावल्यात. ड्रम वाजला की सगळ्या बाटल्या किणकिणतात. त्यांची पहिली सीडी इथेच झाली आणि त्यात त्या बाटल्या ऐकू येतात. आमच्या मिरजेत सतारी बनवणारे कारागीर एका तारेची कुरकुर घालवायला दोन दोन दिवस घालवतात, आणि इथे अख्खं कपाट वाजतंय तर वाजू दिलं होतं.

बँडचं नाव 'छुटीर दरखास्तो', म्हणजे रजेचा अर्ज. चौघीही नोकरी करणाऱ्या, कार्यक्रम म्हटला की आधी तोच लिहावा लागतो. मौशुमी शाळेत भूगोल शिकवते, चाळिशीची, आवाज जाडसर. पारोमिता छापखान्यात मुद्रितं तपासते, म्हणजे माझ्याच जातकुळीची. गिटारवाली काकोली फारसं बोलत नाही. मला सगळ्या माशी म्हणायला लागल्या. मावशीचं बंगालीत माशी होतं, त्यामुळे मला काही जड गेलं नाही.

त्यांचा इतिहास मी जेवताना ऐकला. कॉलेजच्या मेळाव्यात पहिला कार्यक्रम, तीन गाणी तयार आणि वेळ चार गाण्यांची, म्हणून पहिलंच पुन्हा म्हटलं. एका गावी तर संयोजकांनी त्यांना भजनमंडळ समजून सतरंजी घातली होती. कुठेही गेलं की ध्वनिवर्धकवाला विचारतो, तुमचे दादा कुठे आहेत? मौशुमी सांगते, दादा रजेवर आहेत. गाणी गॅसच्या नंबरावर, शिकवणीला सोडायला जाणाऱ्या आयांवर, कचेरीतल्या एकमेव बायकांच्या संडासाला नेहमी असणाऱ्या कुलपावर. मोठं नाव कधी झालं नाही. पण दर वर्षी कुठूनतरी एखादी अनोळखी मुलगी पत्र पाठवते की ते कुलपाचं गाणं माझंच आहे.

जेवायला फुलकोबी घातलेला कोई मासा होता, खास थंडीतला. चव अप्रतिम आणि काटे त्याहून जास्त. बोलण्याच्या नादात एक काटा माझ्या घशात बसला. मी मिरजेची, मटण खाणारी, मला काट्याची काय सवय. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मौशुमीने गडबड न करता कोरड्या भाताचा लाडवाएवढा गोळा केला आणि न चावता गिळ म्हणाली. काटा खाली गेला. पाणी मात्र अर्धा तास दिलं नाही. तिच्या शाळेतली मुलं तिला का घाबरत असतील ते मला तेव्हा कळलं.

बँडचा एक नियम आहे, तोही तिथेच समजला. पहिल्या कार्यक्रमात रेवती इतकी घाबरली होती की एका ठिकाणी तिचा डावा ठोका पडलाच नाही, आणि उजवा अर्ध्या ठोक्याने आधी पडला. जिना उतरताना एक पायरी चुकावी तसं झालं. पुढच्या कार्यक्रमात पुन्हा तिथेच तसंच. ती माफी मागायला लागली, तेव्हा मौशुमीने सांगितलं, "एकदा झाली तर चूक. दोनदा झाली तर गाणं." तेव्हापासून जी चूक दोनदा होते, ती ठेवायची. त्यांच्या सगळ्या गाण्यांत अशा ठेवलेल्या चुका आहेत, आणि रेवतीची ती चुकलेली पायरी तर प्रत्येकात. मी पाण्याच्या भांड्याकडे बघत बसले. लाल पेन्सिलीत घालवलेली तीस वर्षं डोळ्यांपुढून गेली.

दुपारी नवी ड्रमवाली आली. शर्बरी तिचं नाव, एक्केचाळीस वर्षांची, गार्डन रीचच्या बाजूला मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवते आणि शाळेचा परेडचा बँड बसवते. पाठ ताठ. तिने तिन्ही गाणी वाजवली. मला त्यातलं काही कळत नसलं तरी एवढं कळलं की एकही ठोका इकडचा तिकडे झाला नाही. बाटल्यासुद्धा तालात किणकिणत होत्या. मी मनात तिला शंभरपैकी शंभर दिले.

मौशुमीने डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाली, "गाणं तेच आहे. पण इस्त्री केलेलं."

रेवतीने ती चुकीची जागा वाजवून दाखवली. हळू वाजव म्हटलं की चूक नाहीशी व्हायची, जोरात वाजवली की परत यायची. मी काय करते ते मलाच कळत नाही, ती म्हणाली. शर्बरीने मोजून पाहिलं, कागदावर लिहून घेतलं, पुन्हा वाजवलं. या खेपेला चूक होती, पण ती ठरवून केलेली आहे हे मलासुद्धा कळलं. पोरगी पाठ केलेलं भाषण म्हणते ना, तसं. सगळ्यांची तोंडं उतरली. रेवती कोपऱ्यात जाऊन बाटल्या सरळ करत बसली.

माझ्याने राहवेना. आमच्या क्लासला एक मुलगा यायचा, तो नेहमी एकच अक्षर गाळायचा. कारण काय, तर त्या अक्षराच्या वेळी तो बाही वर करायचा. चूक डोक्यात नसते, ती हातात असते. मी रेवतीला सांगितलं की पुन्हा वाजव, आणि तिच्या पुढ्यात स्टूल घेऊन बसले. तोंडाकडे पाहिलं नाही, नुसते हात पाहिले. चौथ्या खेपेला मला दिसलं. त्या जागी एक छोटा थांबा आहे. त्याच्या आधी ती मान खाली घालते, चष्मा घसरतो, आणि थांब्यात ती डाव्या मनगटाने तो वर ढकलते. डावा ठोका तिथे गळतो. मग घाईघाईने उजवा आधी पडतो. हळू वाजवलं की चष्मा घसरत नाही, म्हणून चूकही होत नाही. चौदा वर्षं लोक ज्याला बँडची खूण म्हणत होते, ती हिच्या नाकाची करामत होती.

मी हे सांगितल्यावर काकोली पहिल्यांदा मोठ्याने हसली. मौशुमी मात्र हसली नाही. ती शर्बरीच्या नाकाकडे बघत होती. त्यावर चष्मा नव्हता.

मी पर्समधून माझा जुना चष्मा काढला. काड्या सैल झालेला, काचा ओरखडलेल्या. पारोमिताने स्क्रूड्रायव्हर आणला, काचा काढल्या आणि फ्रेम शर्बरीच्या नाकावर चढवली.

गार्डन रीच

रविवारला चार दिवस राहिले होते. पुढले तीन दिवस मी रोज दुपारी गार्डन रीचला गेले. शर्बरीचा नवरा तिथल्या रेल्वेच्या कचेरीत आहे. बस बदलून रिक्षाने जायचं, एकदा मी उलट्या दिशेच्या बसमध्ये चढले आणि एका आजोबांनी मला अख्खी बस थांबवून उतरवलं. बंगाली माणूस रस्ता सांगायला लागला की सोबत दोन पिढ्यांची माहितीही देतो. मला त्यांच्या जावयाचं ऑपरेशन कुठे झालं तेही कळलं.

तालीम गच्चीवर. समोर जहाजं बांधायच्या कारखान्याच्या क्रेन, पलीकडे नदीचा राखी पट्टा, आणि दोरीवर शाळेचे पांढरे गणवेश. ड्रम तिथे नव्हता. बिस्किटांचा डबा उपडा घातला आणि शेजारी पाट. मी टायपिंगच्या पद्धतीने सुरुवात केली. आधी नुसता थांबा आणि चष्मा. मग थांबा, चष्मा, उजवा. मग त्याच्या आधीचे चार. प्रत्येक ओळ वीस वेळा, चुकली तर, म्हणजे बरोबर आली तर, परत पहिल्यापासून.

पहिल्या दिवशी तिचा हात वर जाईचना. तिचं आयुष्य मुलींना सांगण्यात गेलं होतं की परेडमध्ये नाकावर माशी बसली तरी हात हलवायचा नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आणि मी तीन दिवसांत एक खोड लावायला बसले होते. दुसऱ्या दिवशी तिने काठ्या खाली ठेवल्या आणि हे आपल्याला जमणार नाही असं सांगितलं. मग चहा करता करता तिने मला आणखी एक गोष्ट सांगितली. तिची मुलगी लहान असताना तिने त्यांची ती बाटल्यांची सीडी आणली होती आणि वर्षभर त्याच गाण्यांवर स्वयंपाक केला होता. नवऱ्याला वाटायचं सीडी खराब आहे. "माझ्या हाताने ते बंद पडायला नको, माशी," ती म्हणाली.

मी तिला खजुराच्या गुळाचा एक संदेश, म्हणजे तिथली छेन्याची मिठाई, खायला लावला, एक मी खाल्ला, आणि पुन्हा बसवलं. दया दाखवायची वेळ वेगळी आणि सराव करायची वेळ वेगळी, हे मी माझ्या पोटच्या मुलालाही सांगत आले आहे.

तिसऱ्या दिवशी पाचच्या सुमारास मी तिच्या नाकावरची फ्रेम हळूच काढून घेतली. ती वाजवत राहिली. थांबा आला, आणि तिचं डावं मनगट उठून नाकाला लागलं. नाकावर काही नव्हतं. उजवा ठोका अर्धा आधी पडला. दोरीवरचे गणवेश तिने काढले, मी घड्या घातल्या.

मेळा

शुक्रवारी रेवतीने ताईला सांगितलं. ताई आधी मला रागावली, मग भाऊजींना, मग स्वयंपाकघरात जाऊन रडली. "तुला मीच बोलावलं तिला जा म्हणायला," असं म्हणाली, आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग मी मिरजेहून नेलेला गूळ काढला आणि आम्ही दोघींनी परत तिळगूळ केले. या वेळी धरले.

रविवारी दुपारी चारला ताई आणि भाऊजीही मेळ्याला आले. ताई चौदा वर्षांत दुसऱ्यांदा आली होती आणि कानात कापूस घालूनच आली. मैदानभर टेबलं, त्यांवर पातळ पातळ मासिकं. कवी स्वतःच स्वतःची पुस्तकं विकत होते आणि एकमेकांची चाळत होते. ध्वनिवर्धकवाल्याने विचारलं, दादा कुठे? मौशुमीने नेहमीचं उत्तर दिलं. ताईने तिच्या हातावर तिळगूळ ठेवला. मुलीला बिघडवलं म्हणून ताईचा तिच्यावर जुना राग. पण संक्रांतीला तो धरता येत नाही. मौशुमीने सबंध लाडू तोंडात टाकला आणि मान डोलावली.

रेवती माझ्या शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली. पहिलं गाणं सुरू झालं तसे तिचे हात मांडीवर चालायला लागले. थांबा आला. मंचावर शर्बरीचं मनगट नाकाला लागलं आणि इथे रेवतीचंही लागलं, एकाच वेळी. पायरी चुकली. पुढल्या रांगेतली एक मुलगी ओळखीने ओरडली. रेवतीचा श्वास मला ऐकू आला. तिचीच चूक, दुसरीच्या हातून, बाहेर बसून ऐकत होती ती. दुसरं गाणंही तसंच गेलं.

तिसरं ते कुलपाचं. त्याच्या शेवटी सगळ्या एकदम थांबतात, मध्येच तोंड मिटल्यासारख्या, आणि पुढे शांतता. सगळ्या थांबल्या. आणि त्या शांततेत शर्बरीने आणखी दोन ठोके मारले. ठप, ठप. वीस वर्षं परेड थांबवणारा हात तो. थम म्हटलं की एक, दोन, पाय आपटणारच.

कुणीतरी हसलं. शर्बरीचा चेहरा पांढरा पडला. मौशुमी वळून तिच्याकडे बघत राहिली. रेवतीने माझं मनगट इतकं आवळलं की बांगडीचा वळ दोन दिवस होता. ताईने कानातला एक कापूस काढून विचारलं, "चुकली ना गं ती?"

मौशुमी माइककडे आली आणि एकच शब्द म्हणाली, "आबार." पुन्हा.

त्यांनी ते गाणं पहिल्यापासून घेतलं. मी इतकी प्रार्थना माझ्या विद्यार्थ्यांच्या निकालासाठीही केली नसेल, आणि गंमत म्हणजे मी कशासाठी प्रार्थना करत होते ते मला ठाऊक नव्हतं. बरोबर यावं म्हणून की चुकावं म्हणून? शेवट आला. गिटार थांबली, बेस थांबला, आवाज थांबला. शर्बरी मान खाली घालून बसली होती, काठ्या हवेत. मग ठप, ठप.

मौशुमीने मागे न वळता हात वर केला आणि दोन बोटं दाखवली. पारोमिता हसत हसत खाली वाकली. रेवतीचा चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने तो वर केला नाही.

"दोनदा झाली, मावशी," ती म्हणाली.

मिरज

परत येऊन आता दोन महिने झाले. मातीचा तो कप माझ्या टेबलावर पेन्सिली ठेवायला आहे. लाल पेन्सिलही त्यातच आहे. चष्म्याची फ्रेम शर्बरीने ठेवून घेतली. रेवती रायपूरला रुजू झाली, शाखेत हिचा दरारा आहे म्हणे. तिथे ड्रम नाही, म्हणून ती संध्याकाळी डब्यावर वाजवते.

गेल्या आठवड्यात बँडने कुलपाचं गाणं नव्याने ध्वनिमुद्रित करून तिला पाठवलं, तिने मला. मी हेडफोन लावून ऐकलं. बाटल्या किणकिणतात, पायरी चुकते, सगळ्या थांबतात, आणि ते दोन ठोके पडतात. खाली रेवतीने लिहिलं होतं, "मावशी, शेवटचे ते दोन मला जमत नाहीत. माझे फार नीट येतात. शिकवायला कधी येतेस?"

मी रायपूरचं तिकीट काढलं आहे.